गौराक्काचं भ्या

गौराक्का बसत नसे. गल्लीत तिची ओळखच तशी होती. "ती बाई बूड म्हणून टेकत न्हाय," असं बायका कौतुकानं सांगायच्या. तांदूळ निवडायची ते सूप कमरेला लावून, उभ्यानं. दुपारची मालिका बघायची ती दाराच्या चौकटीला खांदा टेकून. कुणाकडं हळदीकुंकवाला गेली तर "दूध तापत ठेवलंय" म्हणून उंबऱ्यातूनच परतायची. जेवायचीसुद्धा ओट्यापाशी उभी राहून, भाकरी तळहातावर, भाकरीवर ठेचा. तिचे यजमान सिद्धाप्पा यांचं बाजारात धान्याचं दुकान होतं. त्यांना या गोष्टीचा अभिमान होता. "आमचं घर हिच्या पायावर उभं हाय," ते म्हणायचे.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. माझं नवीन लग्न झालेलं. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरी लागली आणि आम्ही आजऱ्याहून कोल्हापुरात खोली शोधायला आलो. शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या दारात ही उंच, कपाळभर विभूती लावलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पावणं, गाव कुठलं?"

"आजरा."

"मग घनसाळ तांदळाचा भात खायला मिळंल म्हणा की आमाला!"

खोल्या दोन होत्या, मागच्या बाजूला. मधे परसू. परसात नळ, धुण्याचा दगड आणि एकच संडास, मालकांना आणि आम्हाला मिळून. खोल्या दाखवून झाल्यावर ती म्हणाली, "येक हाय. सकाळी संडास आदी माझा. मी भाईर आल्याबिगार कुणी तिकडं फिरकायचं न्हाय. पटत आसंल तर सामान आणा, न्हाय तर गल्लीत लई खोल्या हायत."

आम्हाला वाटलं, सोवळ्याओवळ्याचा काही प्रकार असेल. आम्ही सामान आणलं.

तिचं माहेर संकेश्वरकडचं, घरची बोली कन्नड. आठ दिवसांत ती मला 'तंगी' म्हणायला लागली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. प्रकाश म्हणाला, "बरोबर नाव ठेवलंय, महिनाअखेरीला आपल्याकडं तंगीच असते." तिला मुलगी एकच, महादेवी, ती लग्न होऊन हुबळीला गेलेली. त्यामुळं घरात दोघंच. सिद्धाप्पा मोजकं बोलणारे. सगळा आवाज गौराक्काचा.

आणि आवाज म्हणजे आवाज. पाणी सोडणाऱ्या माणसाला ती परसातून हाक मारायची ती त्याला पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. एकदा मोकाट वळू गल्लीत शिरला. पुरुषमाणसं कट्ट्यावर चढली, मी दार लावून घेतलं. गौराक्का केरसुणी घेऊन वळूच्या तोंडासमोर उभी राहिली आणि कन्नडात त्याला काहीतरी म्हणाली. वळू मान हलवत मागं फिरला. प्रकाशनं नंतर विचारलं, "अक्का, काय म्हणालात ओ त्याला?"

"इचारलं, तुज्या मालकाला लाज न्हाय, तुला तरी हाय का?"

"भीती नाही वाटली?"

"भ्यायचं चोरानं. आपण काय चोरलंय?"

हे तिचं नेहमीचं वाक्य. दुकानात तपासणीला माणसं आली तरी तेच, आभाळ गडगडलं तरी तेच. मी बावीस वर्षांची, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर आलेली, पालीलासुद्धा भिणारी. मला ती बाई म्हणजे भिंत वाटायची. टेकून उभं राहावं अशी.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला दिवस गेले. सकाळी उठलं की उलट्या. एका सकाळी नळाला पाणीच आलं नाही, कुठंतरी पाइप फुटला होता. गौराक्का रोजच्यासारखी आधी आत गेली होती. रोज ती आत गेली की किती तरी वेळ बाहेर येत नसे, आणि यायच्या आधी बादल्यांवर बादल्या पाणी ओतल्याचा आवाज यायचा. त्या दिवशी आवाज आला तो एकाच बादलीचा. मग ती रिकामी बादली घेऊन घाईघाईनं पुढच्या दाराकडं गेली, पिंपातलं पाणी आणायला. नेमकी तेव्हाच मला उमळ आली. मी तोंड दाबून धावले आणि संडासाचं दार ढकललं.

पांढऱ्या भांड्यावर, फरशीवर, कडेच्या भिंतीवर रक्त होतं. थोडं नाही. माझी उलटी जागच्या जागी थांबली. माझ्या एका चुलत्यांना वर्षभर असंच रक्त जात होतं. घरचे मूळव्याध म्हणून झाडपाला देत राहिले. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचा कॅन्सर सांगितला, आणि मग ते फार दिवस राहिले नाहीत. मला ते चुलते दिसायला लागले.

वळले तर मागं गौराक्का उभी. हातात भरलेली बादली. मला आधी तिचा चेहरा ओळखू आला नाही, कारण तो घाबरलेला होता. ते मी तिच्या तोंडावर कधी पाहिलेलंच नव्हतं. मग तो रागाचा झाला.

"काय बघितलंस?"

"काही नाही, अक्का."

"कुणाला बोललीस तर त्याच दिवशी खोली रिकामी करायची. मालकांना न्हाय, तुज्या नवऱ्याला न्हाय. कुणाला न्हाय." तिनं मला बाजूला सारून पाणी ओतलं. मग पाठमोरीच, एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मूळव्याध हाय. बायकांना आसतंय. जा, चूळ भर."

त्या दिवसापासून मी तिच्याकडं बघायला लागले आणि जे दिसलं त्यानं आणखीच भ्याले. ती बसत का नव्हती ते कळलं. तिची नखं कागदासारखी पांढरी होती. दोन पायऱ्या चढली तरी छाती वर-खाली व्हायची, आणि लोकांना दम दिसू नये म्हणून ती वर पोचल्यावर मुद्दाम कुणाला तरी ओरडायची. माझ्या वडिलांनी आणलेल्या घनसाळातले कच्चे तांदूळ ती येता-जाता मूठमूठ तोंडात टाकायची. ती सवय म्हणजे रक्त कमी झाल्याची खूण असते, हे मला दवाखान्यात डॉक्टरांनी पुढं सांगितलं. तेव्हा मला वाटायचं, तांदळाचा वास आवडतो तिला.

इलाज तिचे ती करत होती. सुरण उकडून खायची, लोण्यातून कसलीशी पूड घ्यायची. पण ठेचा सुटत नव्हता आणि पाणी ती जेमतेम प्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे जेवण तोडलं होतं. "खाल्लं न्हाय की जायला लागत न्हाय," ती मला म्हणाली. सकाळच्या त्या खोलीची तिला इतकी धास्ती की आदल्या संध्याकाळी घास उतरायचा नाही. पोटात काही नाही म्हणून ते आणखी खडा व्हायचं, जोर करावा लागायचा, मग आणखी रक्त. सिद्धाप्पा समजत, बायको उपासतापास फार करते.

"अक्का, डॉक्टरला दाखवू या," मी एका दुपारी म्हटलं. मी पायरीवर बसलेले, ती उभ्यानं तांदूळ निवडत होती. मी ज्या बाईंकडं तपासायला जायचे त्या डॉक्टरीणबाई होत्या, मायाळू होत्या, मी तेही सांगितलं.

सूप थांबलं. मग तिनं मला बसव्वाची गोष्ट सांगितली.

बसव्वा तिची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष झालेलं, पहिल्या बाळंतपणात मूळव्याध सुरू झाली. आईनं कुणाला न सांगता इलाज शोधला. बाजाराच्या दिवशी गावात एक माणूस तंबू ठोकायचा. तंबूवर चित्रं, आणि लिहिलेलं, 'एका सुईत मुळासकट.' आई बसव्वाला घेऊन आत गेली आणि धाकट्या गौरीला म्हणाली, बहिणीचा हात धर.

"कुशीवर झोपीवलं तिला," गौराक्का म्हणाली. "सुई दावली. म्हशीला देत्यात तसली. ती म्हणाली, नगं, मला सोडा. त्यो म्हणाला, झालंच. ती 'थांब, थांब' म्हणालती. त्यो काय थांबला न्हाय. तिची नखं माज्या हातात रुतली. मग घरी आणली. जागा काळी पडली, ताप चढला, घरात वास सुटला. चवथ्या दिवशी गेली." तिनं सुपातला खडा काढून टाकला. "आईनं गावात सांगितलं, तापानं गेली. मला शपथ घातली. बसव्वाला काय झालतं ते कळलं तर तुला कोण करून घेणार न्हाय म्हणाली. मी कुणाला सांगितलं न्हाय. मालकांना न्हाय, महादेवीला न्हाय. आज तुला सांगितलं."

मी म्हटलं, "तो डॉक्टर नव्हता, अक्का."

"मला कुठं म्हाईत कोण डॉक्टर आन् कोण न्हवं? पांढरा कोट त्यानंबी घातलता."

पुढच्या महिन्यात लोहाच्या गोळ्यांनी मलाच त्रास सुरू झाला. पोट साफ होईना, आणि एक दिवस मलाही लाल दिसलं. थेंबभरच, पण मी गळूनच गेले. कुणाला सांगायच्या आत मी रडत डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी तपासलं, हसल्या, म्हणाल्या, पोटुशी बायकांना हे होतंच. पाणी भरपूर प्या. पालेभाजी, सालीसकट डाळी, फळं खा. तिखट आवरा. कळ आली की जा, थोपवू नका, आणि जोर करत बसून राहू नका. दुखलं तर कोमट पाण्यात बसा. बाळंत झालात की बहुतेक जाईल. निघताना मी विचारलं, पन्नाशीच्या बाईला फार दिवस असं होत असेल तर? त्यांचं हसू गेलं. "त्या वयात रक्त पडतंय तर मूळव्याधच आहे असं घरी बसून ठरवायचं नाही. त्यांना लगेच घेऊन या."

घरी येऊन मी गौराक्काला सगळं सांगितलं.

"बघितलं? तिथं? दिवा लावून?" तिनं तोंडावर पदर घेतला.

"क्षणभर. काही वाटत नाही."

"आन् मूळव्याध न्हाय तर काय आसंल म्हणाली ती?"

मी चुलत्यांचं सांगणार होते, ते गिळून नळाकडं वळले. तिला कळलं. ती उठून, म्हणजे चौकट सोडून, आत गेली. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, भ्यायचं चोरानं म्हणता ना? तुम्ही काय चोरलंय?" तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. सकाळी तिच्या बादल्यांचा आवाज आला की मी अंथरुणात डोळे मिटून मोजत पडायचे.

माझा सातवा महिना लागला होता. भर दुपारी परसात काहीतरी आदळलं. हंड्याचा आवाज होता. बाहेर आले तर गौराक्का धुण्याच्या दगडापाशी आडवी, हंडा एकीकडं घरंगळलेला. ओठ राखेसारखे. लुगड्यावर मागून रक्त आलेलं. मी हाका मारल्या, शेजारी धावले, कुणीतरी रिक्षा आणली, कुणी दुकानाकडं पळालं. सिद्धाप्पा अंगावर धान्याची धूळ तशीच घेऊन आले. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, उरलेल्या मांडीवर माझं पोट.

"उनानं झालं आसंल," ते म्हणत होते. "उपास लई करती. किती सांगितलं."

"अप्पा, उपास नाहीत ते," मी म्हटलं. "त्यांचं रक्त जातंय. मूळव्याधीतनं. फार वर्षं झाली."

दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, जसं काही मला माहीतच असणार, "मला का न्हाय सांगितलं हिनं?"

डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि नर्सला हाक मारली. अंगात इतकं कमी रक्त घेऊन ही बाई घर चालवत होती यावर त्यांचा विश्वास बसेना. रक्त चढवायला लागले. दुसरी बाटली लागल्यावर तिनं डोळे उघडले.

"मालकांना सांगितलंस?"

"हो."

"खोली रिकामी कर," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. तो तिनं नर्सनं सांगेपर्यंत सोडला नाही.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. सर्जन वयस्कर होते, सावकाश बोलणारे. तपासायला पाहिजे म्हणाले. नर्सनं कुशीवर व्हायला सांगितलं आणि गौराक्का थरथरायला लागली. वळूसमोर उभी राहणारी ती बाई कॉटचा लोखंडी दांडा धरून लहान पोरीसारखी "नगं, नगं" म्हणत होती. मी पुढं होऊन सर्जनना सांगितलं, लहानपणी हिच्या बहिणीला असंच झोपवून सुई दिली होती, ती गेली. त्यांनी हातमोजे काढून ठेवले. स्टूल ओढून तिच्या तोंडासमोर बसले.

"अक्का, सुई नाही. मी काय करणार ते आधी सांगेन, मगच करेन. तुम्ही 'थांब' म्हणालात की मी थांबणार. ही तुमच्यापाशी उभी राहील."

तिनं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. मग स्वतःच कुशीवर वळली. त्यांनी सुरुवात केली न केली तोच ती ओरडली, "थांब!"

ते थांबले. हात मागं घेऊन उभे राहिले. घाई केली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "कर." परत एकदा तिनं थांबवलं, परत ते थांबले. तपासणी झाली तेव्हा आम्ही दोघीही घामानं भिजलो होतो. पुढं कितीतरी वर्षं ती ही गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वेळी तिला तितकंच नवल वाटायचं. "खरंच थांबला की गं त्यो! थांब म्हटल्यावर थांबला!"

मूळव्याध मोठी होती, ऑपरेशन लागणार होतं. पण सर्जन म्हणाले, मूळव्याधच असेल, तरी 'असेल' म्हणून सोडता येत नाही. दुर्बिणीनं वरपर्यंत पाहिलं, एका जागेचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टला काही दिवस लागणार होते. सिद्धाप्पा दुकान बंद ठेवून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचे. जपमाळ हातात, मणी सरकत नसे. मला घरी झोप लागत नव्हती. गौराक्का छताकडं बघत पडून असायची. तिनं रिपोर्टबद्दल एकदाही विचारलं नाही.

त्यातच सिद्धाप्पांचे एक चुलतभाऊ भेटायला आले. ऑपरेशन ऐकून म्हणाले, "कशाला कापून घेताय? घाटाकडं एक माणूस हाय. एका सुईत काम. परत त्रास न्हाय." सिद्धाप्पा आधीच ऑपरेशनच्या नावानं हादरलेले. ते कॉटजवळ आले आणि चाचरत म्हणाले, "न्हेऊया का मग तिकडं? कापायचं नगं, काय नगं..."

गौराक्का उठून बसली. मी तिला बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. आणि मग तिचा तो आवाज, ज्यानं पलीकडच्या गल्लीत पाणी सोडणारा थांबायचा, तो त्या बायकांच्या वॉर्डात घुमला.

"सुईवाल्यानंच मारलंय माज्या बसव्वाला! मूळव्याध झालती तिला, मूळव्याध! ताप न्हवता! सडून गेली ती! मलाबी तीच झालीया, तीस वर्षं झाली. आन् तुमी मला सुईला न्हेताय?"

चुलतभाऊ दारातून मागच्या मागं गेले. सिद्धाप्पा तिथंच, कॉटच्या कडेवर बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. गौराक्का धापा टाकत होती. आपण काय बोलून बसलो ते तिला उमगलं असावं, कारण तिनं पदर शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात समोरच्या कॉटवरची म्हातारी, जिचा पाय प्लास्टरमध्ये होता, ती म्हणाली, "मलाबी हाय बाई. कुणाला सांगायचं?" खिडकीपाशी एक तरुण सुवासिनी होती, तिनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

रिपोर्ट आणायला सिद्धाप्पांचे पाय उचलेनात. प्रकाश फाउंड्रीतून रजा काढून गेला. सर्जननी कॉटपाशी येऊन कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाईट काही नाही. मूळव्याधच आहे."

"मूळव्याधच?" गौराक्कानं विचारलं.

"मूळव्याधच."

आणि ती हमसाहमशी रडायला लागली. मूळव्याध आहे म्हणून आनंदानं रडणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. पण तो आनंद फार टिकला नाही, कारण आता ऑपरेशन होतं. पाठीत सुई देणार म्हटल्यावर तिचं परत पाणी झालं. आत नेताना ती स्ट्रेचरवरून मला म्हणाली, "तंगी, महादेवीला सांग, घरातलं सगळं तिचं." महादेवी तेव्हा स्वतः ओली बाळंतीण होती, तिला आम्ही फक्त 'अशक्तपणा, छोटं ऑपरेशन' इतकंच कळवलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. मग खाण्याचं भांडण. पहिल्यांदा परसाकडं जायच्या धास्तीनं तिनं दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही. सर्जन पहिल्यांदाच तिच्यावर चिडले. "अक्का, उपाशी राहिलात तर खडा होईल आणि टाके दुखतील. खाल्लंत तर सुटेल. उलटं चाललंय तुमचं सगळं." मी इसबगोल कोमट पाण्यातून द्यायचे, ताक, पालकाची पातळ भाजी, मऊ भात. ती प्रत्येक घास असा गिळायची जशी काही परीक्षा आहे. मग एका सकाळी ती आत गेली आणि मी दाराबाहेर भिंत धरून उभी राहिले. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग आवाज आला, "तंगी! झालं! मेली न्हाय मी!"

घरी आल्यावर परसात एका टबात कोमट पाणी घालून ती रोज बसायची, साडीचा आडोसा लावून, आणि आतून माझ्याशी गप्पा मारायची. दोनएक महिन्यांनी मला मुलगी झाली.

लोक म्हणतात, दुखण्यातून उठली की बाई धीट होते. गौराक्का धीट झाली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. साध्या तपासणीला जायचं तरी आदल्या दिवसापासून ती परसात येरझाऱ्या घालायची. फरक एवढाच पडला की ती आता ते बोलून दाखवायची. "भ्या गेलं न्हाय तंगी," ती म्हणायची. "आन् त्याला काय सोताचे पाय हायत व्हय? आपल्याच पायानं येतंय ते. न्यायचं संगट दवाखान्यात."

आणि दुसऱ्यांनाही न्यायला लागली. कुणाची सून बाळंत होऊन आली की ही दारात. "पाणी पितीस का? कळ आली की जातीस का, का सासूला भिऊन बसतीस?" भट्टीपुढं दिवसभर घामानं निथळणारा प्रकाश तिच्या तावडीतून सुटला नाही. त्याचे फाउंड्रीतले मित्र चहाला आले असताना तिनं खिडकीतून विचारलं, "पावणं, सकाळी साफ हुतंय न्हवं? निस्त्या चहावर ऱ्हाऊ नका!" प्रकाशचा चेहरा भट्टीसारखा लाल. पण दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याची बाटली घेऊन जायला लागला. गल्लीतल्या एका बाईला रक्त जातंय कळल्यावर ती स्वतः तिला घेऊन गेली. बाई आत तपासून घेत होती, आणि बाहेर गौराक्काला घेरी येऊन नर्सनं तिलाच पाणी पाजलं.

पुढं आम्ही शिरोलीच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं. सिद्धाप्पा झोपेतच गेले, त्यानंतर महादेवी तिला हुबळीला न्यायला आली. स्टँडवर मी पोचवायला गेले होते. बस लागली तरी ती चढेना. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिच्या घरात खुर्चीवानी संडास हाय म्हणं. पाय अधांतरी! मला व्हईल का गं तसलं?" मी म्हटलं, पायाखाली एक पाट घ्या. तिला ते पटलं. चढली, आणि खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "पाणी पीत जा!"

दोन-तीन वर्षांनी महादेवीचा फोन आला. आई गेली, म्हणाली. दुपारी जेवण झालं, छातीत काहीतरी व्हायला लागलं, तर तिनं स्वतःच सांगितलं, मला भ्या वाटतंय, दवाखान्यात चल. नेलं. दोन दिवस होती. शुद्धीत होती. प्रत्येक वेळी नर्स आली की विचारायची, काय करणार ते आधी सांग.

मग महादेवीचा आवाज फुटला. "वैनी, आमची आई कधी कशाला भ्याली न्हाय. तुम्ही तर बघितलंय तिला. हिकडं आल्यापास्नंच भ्या वाटतंय, भ्या वाटतंय म्हणायला लागली. माज्याकडं येऊन खचली का ओ ती? मी काय कमी केलं तिला?"

"नाही गं," मी म्हटलं. "ती आधीपासूनच भीत होती. तुझ्या जन्माआधीपासून. तुझ्याकडं आल्यावर तिनं ते तुला सांगितलं, एवढंच."

"कशाला भीत होती?" तिनं विचारलं. मी खुर्ची ओढून बसले आणि बसव्वापासून सुरुवात केली.